कोवळ्या ग्रहांच्या हवेत काय आहे, हे इथून कसं कळतं?

दिवाळीच्या आसपास रात्री नऊ-साडेनऊला मुंबईतून सरळ डोक्यावर पाहिलं, तर चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसतो. त्याची पश्चिमेकडची बाजू म्हणजे पूर्वा भाद्रपदा, पूर्वेकडची उत्तरा भाद्रपदा. पूर्वा भाद्रपदेच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ मनातल्या मनात ओढा आणि तिच्या मध्यावर थांबा. तिथे, रेघेला अगदी खेटून, एचआर ८७९९ नावाचा तारा आहे. मुंबईच्या उजेडात तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, बायनॉक्युलर लागते. अंतर १३३ प्रकाशवर्षं. या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या चार ग्रहांचे फोटो आपल्याकडे आहेत. पहिले तीन २००८ साली मिळाले, चौथा २०१० साली. त्यांच्या हवेत पाण्याची वाफ आहे आणि कार्बन मोनॉक्साइड आहे, हेही आपल्याला माहीत आहे.

आकाशदर्शनाच्या रात्री हे सांगितलं की कुणी ना कुणी विचारतंच, ‘पण तिथे गेलं कोण होतं?’ प्रश्न रास्त आहे. बातम्यांमध्ये बहुतेक वेळा शेवटचं वाक्य तेवढं छापून येतं, की अमुक ग्रहावर पाणी सापडलं. ते कसं सापडलं हे गाळलं की शेजारच्याच रकान्यातलं राशिभविष्य आणि ही बातमी यांत वाचणाऱ्याने फरक तरी कसा करायचा? म्हणून इथे सगळा भर ‘कसं’ यावर.

सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती सापडलेले ग्रह आता सहा हजारांच्या घरात गेलेत. त्यांतले बहुतेक आपण पाहिलेलेच नाहीत. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो, किंवा ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो, त्यावरून ग्रह असल्याचं ताडलेलं असतं. ज्यांचा थेट फोटो निघाला असे ग्रह मोजकेच आहेत, आणि ते जवळपास सगळे वयाने लहान आहेत. हा योगायोग नाही.

वायूचा मोठा ग्रह घडतो तेव्हा प्रचंड वायू आणि धूळ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आत कोसळत जाते. त्या कोसळण्यातून उष्णता तयार होते. पुढे तिला बाहेर पडायला एकच वाट उरते, किरणांच्या रूपाने अवकाशात निघून जाण्याची. त्याला फार वेळ लागतो. गुरू साडेचार अब्ज वर्षांचा झाला, तरी सूर्याकडून त्याला जेवढी उष्णता मिळते तिच्या जवळपास दुप्पट तो आजही बाहेर टाकतोय. एचआर ८७९९ चे ग्रह अवघ्या तीन-चार कोटी वर्षांचे आहेत. त्यांचं तापमान साधारण ६०० ते ९०० अंश सेल्सिअस आहे. ते ताऱ्यामुळे तापलेले नाहीत, कारण चौघांतला सर्वांत आतला ग्रहसुद्धा ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या सोळा पट लांब आहे. ही जन्माच्या वेळची उष्णता आहे.

वस्तू जितकी थंड, तितकी तिच्या किरणांची तरंगलांबी जास्त. सूर्याचा उजेड ०.५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास सर्वांत प्रखर असतो, आणि आपले डोळे ०.७ मायक्रॉनच्या पुढे पाहू शकत नाहीत. हजार अंशांच्या ग्रहाचा उजेड सर्वांत प्रखर असतो तो दोन-सव्वादोन मायक्रॉनपाशी, म्हणजे अवरक्त पट्ट्यात. ज्याला आपण एरवी इन्फ्रारेड म्हणतो तो हाच. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात, तांबड्याच्याही पलीकडे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढलेला पाहिला, तेव्हापासून हा उजेड माहीत आहे.

इथे तरुण ग्रहांचा दुहेरी फायदा होतो. दृश्य प्रकाशात गुरू हा सूर्याच्या जवळजवळ एक अब्जांश इतका फिका आहे. दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा असा ग्रह ताऱ्याच्या झगमगाटातून वेगळा काढणं आजच्या दुर्बिणींना झेपत नाही. अवरक्तात मात्र ताऱ्याची प्रखरता उतरलेली असते आणि तरुण ग्रहाची चढलेली. फरक दहा हजार ते एक लाख पटींवर येतो. हाही फरक लहान नव्हे. तो पार करायला ताऱ्याचा उजेड अडवणारी चकती लागते आणि हवेच्या थरथरीप्रमाणे सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलणारा आरसा लागतो. पण जमतं.

पहिल्यांदा जमलं ते २००४ साली, चिलीतल्या पारानाल डोंगरावरच्या ८.२ मीटरच्या दुर्बिणीवर. तिथे सापडलेल्या २एम१२०७ बी या साथीदाराचं वस्तुमान गुरूच्या पाच-सहा पट आहे, पण तो ज्याच्याभोवती फिरतो तो धड ताराही नाही. तो तपकिरी बटू आहे, म्हणजे हायड्रोजन कायम जाळत राहण्याइतकं वस्तुमान न जमलेला गोळा. अशा जोडीला ग्रहमाला म्हणायचं की लहानमोठ्या दोन फसलेल्या ताऱ्यांची जोडी? म्हणून संशोधक ‘ग्रहाच्या वस्तुमानाचा साथीदार’ असं सावध नाव वापरतात. वरची मर्यादा साधारण गुरूच्या १३ पट वस्तुमानाची धरतात, कारण त्यापुढे पोटात ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, जळायला लागतं. निसर्ग ही रेघ पाळतोच असं नाही, आणि जन्म कसा झाला हे तर ती रेघ मुळीच सांगत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. फोटोतला तो फिका ठिपका वर्णपटमापकात सोडला की त्याचा उजेड तरंगलांबीप्रमाणे पसरतो. त्या पट्ट्यात काही ठिकाणी उजेड कमी पडलेला असतो, आणि ते कमी पडणंच आपल्याला हवं असतं.

यासाठी एक उदाहरण मुंबईच्या रस्त्यावरचंच आहे. मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे २०१५ साली काढून पांढरे एलईडी बसवले, पण सोडियमचे ते जुने पिवळे दिवे शहरात जिथे कुठे उरलेत तिथे एक जुनी सीडी घेऊन उभं राहा. सीडी तिरकी धरून दिव्याचं प्रतिबिंब पाहिलं की रंगांचा पट्टा दिसतो. या दिव्यात सोडियमची वाफ जास्त दाबाखाली असते. दाब कमी असता तर सोडियमच्या एकमेकींना चिकटलेल्या दोन बारीक पिवळ्या रेघा तेवढ्या दिसल्या असत्या. दाबामुळे अणू एकमेकांवर आदळतात आणि त्या रेघा दोन्ही बाजूंना फुगून रुंद पट्टा होतात. आणखी एक गंमत अशी की चांगल्या वर्णपटमापकातून पाहिलं तर त्या पिवळ्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर काळी फट दिसते. नळीच्या मध्यातली वाफ सर्वांत तापलेली असते, कडेची त्या मानाने थंड. आतून येणारा नेमका त्याच रंगाचा उजेड कडेची वाफ गिळते.

ग्रहाच्या बाबतीत हेच घडतं. आतल्या तापलेल्या थरांमधून उजेड निघतो, वरच्या थंड थरांमधून जाताना तिथला प्रत्येक वायू आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा वाटा काढून घेतो. पाण्याची वाफ १.४ आणि १.९ मायक्रॉनपाशी, कार्बन मोनॉक्साइड २.३ पाशी, मिथेन ३.३ पाशी, कार्बन डायऑक्साइड ४.३ पाशी. हे आकडे प्रयोगशाळेत वायू तापवून मोजलेले आहेत आणि सैद्धांतिक गणिताने पडताळलेले आहेत. ‘पाणी सापडलं’ याचा अर्थ एवढाच, की वाफेने जिथे उजेड खायला हवा, नेमका तिथेच तो खाल्लेला दिसला. सातशे-आठशे अंशांच्या त्या हवेत पाणी पिण्यासारखं नाही आणि जीवसृष्टीचा तर प्रश्नच नाही.

वर्णपटाचं नाव निघालं की आपल्याकडे विजयदुर्ग आणि तिथले साहेबाचे ओटे, म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांच्या ग्रहण-निरीक्षणाचे चौथरे, आठवतात. हेलियमचा शोध १८६८ साली त्या किल्ल्यावर लागला असं सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटात, सोडियमच्या रेघांशेजारी पण त्यांच्या जागी नसलेली एक पिवळी रेघ दिसली. तीच हेलियमची. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन तेव्हा गुंटूरला होते. लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी तिथूनच ती रेघ पाहिली. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्याचा मान त्याने कमी होत नाही. आणि पद्धत किती भक्कम आहे ते या गोष्टीतून कळतं. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ साली, सूर्यावर सापडल्यानंतर सत्तावीस वर्षांनी.

अडचण अशी, की ग्रहाच्या हवेतली वाफ शोधताना मध्ये आपली स्वतःची हवा येते, आणि तिच्यातही वाफ आहेच. मुंबईत तर विचारायलाच नको. त्यामुळे ज्या तरंगलांब्यांना आपली हवा वाट देते, त्या मोजक्या खिडक्यांमधूनच जमिनीवरून पाहता येतं, आणि तेही उंच, कोरड्या जागेवरून. लडाखमधलं हानले ४५०० मीटरवर आहे ते याचसाठी. तिथल्या दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवर २०१३ पासून टीआयआरस्पेक नावाचा अवरक्त वर्णपटमापक आहे, आणि तो कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने उभा केलेला आहे. नैनितालजवळ देवस्थळला ३.६ मीटरची दुर्बीण आहे. तिच्यावरचा टॅनस्पेक २०१९ मध्ये आला, तोही टीआयएफआर आणि नैनितालची एरीज ही संशोधन संस्था यांच्या भागीदारीतून. त्याच्या कितीतरी आधी टीआयएफआरची एक मीटरची अवरक्त दुर्बीण हैदराबादहून फुग्याला बांधून आकाशात सोडली जात असे. ही परंपरा मुंबईकरांना जितकी माहीत असायला हवी तितकी नाही, याचं मला वाईट वाटतं. एचआर ८७९९ चे ग्रह ताऱ्यापासून सुटे करणं या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण एकटे फिरणारे तपकिरी बटू आणि तरुण तारे त्यांच्या आवाक्यात आहेत, आणि वर्णपट वाचण्याचं शास्त्र दोन्हीकडे एकच.

निरीक्षणाची रात्र कशी जाते तेही सांगतो. वर्णपटमापकाला एक बारीक फट असते. ठिपका आधी फटीच्या वरच्या बाजूला धरून उजेड साठवायचा, मग दुर्बीण किंचित हलवून तोच ठिपका खालच्या बाजूला आणायचा. दोन्ही चित्रं एकमेकांतून वजा केली की आकाशाची स्वतःची अवरक्त चमक निघून जाते आणि ठिपका तेवढा उरतो. मग जवळपासचा अभिजितच्या जातीचा एखादा पांढरा तारा बघायचा. अशा ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेघांखेरीज फारसं काही नसतं, त्यामुळे त्यात वाफेचे जे खड्डे दिसतात ते आपल्या हवेचे. ठिपक्याच्या वर्णपटाला या ताऱ्याच्या वर्णपटाने भागलं की आपल्या हवेचा ठसा पुसला जातो. शोधक म्हणजे डिटेक्टर उणे दोनशे अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागतो, नाहीतर उपकरणाच्या स्वतःच्या उबेनेच चित्र भरून जातं.

आता वर्णपट हाती आला. वायूंची नावं कळणं हा त्यातला सोपा भाग. मला स्वतःला सर्वांत जास्त भावतो तो पुढचा भाग, वजन ओळखण्याचा.

समजा दोन वस्तू सारख्याच तापमानाच्या आहेत. एक आहे तरुण ग्रह, गुरूच्या सात पट वस्तुमानाचा, अजून पुरता न आकसलेला. दुसरी म्हातारा तपकिरी बटू, गुरूच्या साठ-पासष्ट पट वस्तुमानाची, आकसून घट्ट झालेली. फोटोत दोघांचे ठिपके सारखेच. पण बटूच्या पृष्ठाशी गुरुत्वाकर्षण दहा-वीस पट जास्त, त्यामुळे हवा दाबलेली, दाब जास्त. सोडियमच्या दिव्यात दाबाने रेघा फुगतात ना? इथे पोटॅशियमच्या. १.२५ मायक्रॉनपाशी पोटॅशियमच्या रेघा बटूमध्ये रुंद आणि ठळक असतात, तरुण ग्रहात बारीक आणि फिक्या. दुसरी खूण १.५ ते १.८ मायक्रॉनच्या खिडकीत सापडते. जास्त दाबाखाली हायड्रोजनचे रेणू एकमेकांवर आदळताना स्वतःच बराच उजेड शोषतात, आणि त्यामुळे तिथला वर्णपट वरून चपटा होतो. दाब कमी असला की हे शोषण घटतं आणि दोन्ही बाजूंच्या वाफेच्या खड्ड्यांमध्ये टोकदार त्रिकोण उभा राहतो. सरावलेली नजर तो त्रिकोण पाहून पटकन सांगते, की हा पोरसवदा आहे.

तरीही वर्णपटावरून किलोग्रॅमात वस्तुमान मिळत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. बातमीत ‘गुरूच्या सात पट’ असं छापून येतं तेव्हा तो आकडा बहुतेक वेळा ताऱ्याचं वय, ग्रहाची एकूण चमक आणि थंड होण्याचं गणित यांवरून काढलेला असतो. वयाचा अंदाज चुकला तर वस्तुमानही चुकतं.

मग येतो मिथेनचा पेच. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून मिथेन आणि पाणी होतं, आणि उलटही होतं. तापमान चढं असलं तर तोल कार्बन मोनॉक्साइडकडे झुकतो, उतरलं तर मिथेनकडे. एचआर ८७९९ बी (सुरुवातीच्या चार ग्रहांतला एक) किंवा २एम१२०७ बी इतक्या तापमानाला मिथेन चांगला दिसायला हवा होता. त्याच तापमानाच्या म्हाताऱ्या बटूंमध्ये तो दिसतोही. या तरुणांमध्ये तो जवळपास दिसत नाही. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने २एम१२०७ बी चा वर्णपट दिला, त्यातही मिथेनचा पत्ता नाही.

याचं आज मान्य असलेलं उत्तर खालून वर येणाऱ्या वायूत आहे. खोलवर तापमान जास्त असल्याने तिथे कार्बन मोनॉक्साइडचंच राज्य असतं. तिथला वायू घुसळत वर येतो. वरच्या थंड थरात मोनॉक्साइडचं मिथेन व्हायला हवं, पण ती प्रक्रिया थंडीत फार मंद होते, आणि ती पुरी होण्याआधीच खालून नवा लोट येतो. म्हणजे मिथेनच्या न दिसण्यावरून आपल्याला तिथल्या हवेची उभी घुसळण कळते. तरुण ग्रहांमध्ये गुरुत्वाकर्षण कमी असल्याने हा परिणाम आणखी वाढतो.

व्हीएचएस १२५६ बी या साथीदारात हे सगळं एकत्र पाहायला मिळालं. तो सुमारे ७० प्रकाशवर्षांवर आहे आणि आपल्या जोडताऱ्यापासून इतका लांब, की एक फेरी पुरी करायला त्याला दहा हजारांहून जास्त वर्षं लागतात. ताऱ्याचा झगमगाट मध्ये येत नसल्याने वेब दुर्बिणीने २०२२ साली त्याचा १ ते २० मायक्रॉनपर्यंतचा सलग वर्णपट घेतला. वस्तुमान गुरूच्या १३ पटींच्या रेघेच्या अलीकडे की पलीकडे, यावर अजून वाद आहे. वर्णपटात पाणी, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, सोडियम, पोटॅशियम सगळं मिळालं. मिथेन आणि मोनॉक्साइड एकाच हवेत नांदताना दिसणं हा घुसळणीचाच पुरावा. आणि १० मायक्रॉनपाशी एक रुंद खड्डा दिसला, तो सिलिकेटच्या बारीक कणांचा. म्हणजे तिथले ढग पाण्याचे नाहीत, वाळूच्या जातीच्या खनिजांचे आहेत. हा साथीदार साधारण २२ तासांत स्वतःभोवती फिरतो, आणि फिरताना त्याची चमक चांगलीच कमी-जास्त होते, कारण ढग सगळीकडे सारखे दाट नाहीत.

ढग हीच या क्षेत्रातली मोठी डोकेदुखी आहे. दाट ढग खालचे थर झाकतात, रेघा उथळ करतात, आणि मग वायू कमी आहे की ढग जास्त, हे वेगळं करणं अवघड होतं. एकच वर्णपट दोन वेगवेगळ्या हवांनी जुळवता येतो.

फिरण्याचा वेग कळतो तो रेघांच्या रुंदीवरून. ग्रहाची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते, त्यामुळे रेघ दोन्हीकडे ताणली जाते. अगस्त्य ताऱ्याच्या थोडं पश्चिमेला बीटा पिक्टोरिस आहे. २०१४ साली त्याच्या ग्रहाचा वेग असा मोजला तेव्हा तो सेकंदाला २५ किलोमीटर निघाला. गुरूच्या विषुववृत्तावर हा वेग १३ च्या आत आहे.

सगळ्यांत मोठा प्रश्न जन्माचा. ताऱ्याभोवतीच्या चकतीत आतून बाहेर जाताना आधी पाणी गोठतं, मग कार्बन डायऑक्साइड, मग मोनॉक्साइड. जे गोठतं ते धुळीत जातं, उरतं ते वायूत. त्यामुळे कुठल्या अंतरावर घडलेल्या ग्रहाच्या हवेत कार्बन आणि ऑक्सिजन यांचं प्रमाण काय असेल, याचा अंदाज बांधता येतो. कल्पना देखणी आहे, पण तिच्यावरून ‘ग्रह अमुक ठिकाणी जन्मला’ असं थेट म्हणणं मला घाईचं वाटतं. नंतर आत पडलेला बर्फ आणि दगड, ढगांत अडकलेला ऑक्सिजन, ग्रहाचं जागा बदलणं, हे सगळं ते प्रमाण बदलतं.

कार्बनच्या जड समस्थानिकाची, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या जास्त वजनाच्या अणूची, गोष्ट याच सावधगिरीची आहे. सुमारे ३०० प्रकाशवर्षांवरच्या वायएसईएस १ बी या साथीदारात २०२१ साली कार्बन-१३ असलेला मोनॉक्साइड सापडला. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहासारख्या वस्तूच्या हवेत समस्थानिक मिळण्याची ती पहिलीच वेळ. पृथ्वीवर कार्बन-१३ च्या एका अणूमागे साध्या कार्बनचे ८९ च्या आसपास अणू असतात, तिथे ते ३१ च निघाले. म्हणजे जड कार्बन फार जास्त, आणि तो बर्फातून आला असावा असं अनुमान काढलं गेलं. २०२४ मध्ये त्याच गटातल्या संशोधकांनी सुधारलेल्या क्रायर्स या अवरक्त वर्णपटमापकाने पुन्हा मोजलं. आधीच्या उपकरणाला ज्या रेघांचा पुंजका एकत्र दिसत होता, त्यातली एकेक रेघ आता सुटी दिसत होती. नवा आकडा ८८ आला, पृथ्वीसारखाच. समस्थानिक तिथे आहे हे पक्कं झालं, जड कार्बनाच्या सुकाळाचं अनुमान मागे पडलं. आता हेच उपकरण आणि हीच पद्धत वापरून इतर तरुण साथीदारांचं आणि एकट्या बटूंचं मोजमाप चालू आहे, म्हणजे दोघांचे आकडे निदान एकाच मापाने मोजलेले असतील.